अंदमानात बसून पाच महिने ऑफिस केलं, विचारा काय विचारायचंय

कोकम_सरबत

मागच्या आठवड्यात दुसऱ्या एका धाग्यावर सहज लिहून गेले की नोव्हेंबर ते मार्च मी हॅवलॉकला राहून पुण्याच्या ऑफिसचं काम केलं, तर तिथेच दहा जणांनी प्रश्न विचारले आणि तो धागा होता कुकरच्या शिट्टीबद्दल, त्यामुळे धागाकर्त्या वैतागल्या. म्हणून वेगळा काढतेय. (हॅवलॉक म्हणजे आताचं स्वराज द्वीप, २०१८ ला नाव बदललं, आणि पोर्ट ब्लेअरचं २०२४ ला श्री विजय पुरम झालं. पण लोकांच्या तोंडी दोन्ही चालतात आणि माझ्या तोंडात जुनीच बसलीत.)

मी टेस्टिंगमध्ये आहे. आमच्याकडे भारतात कुठूनही काम करा म्हणतात, भारताबाहेरून मात्र नाही, त्यात टॅक्स आणि डेटाच्या भानगडी असतात म्हणे. त्यामुळे बाली-बिली आपोआप बाद. गोवा आहेच पण ते बेट नाही आणि तिथे निम्मं ऑफिस भेटतं. उरलं अंदमान.

सगळ्यांचा पहिला प्रश्न नेटचा असतो. माझं पण तेच, जायच्या आधी महिनाभर मी फक्त नेटचीच चौकशी करत होते. आणि गेल्यावर कळलं की नेट ही चौथ्या-पाचव्या नंबरची अडचण आहे. पहिल्या नंबरची अडचण कुणीच सांगितली नव्हती, ती म्हणजे उजेड.

म्हणजे बघा, घड्याळ तिथे आपलंच, भारतीय प्रमाणवेळ. पण बेट आहे ९३ रेखांशावर, कोलकात्याच्याही बरंच पूर्वेला. पुण्याच्या मानाने सूर्य तिथे सव्वा तास आधी उगवतो आणि सव्वा तास आधी बुडतो. नोव्हेंबरात पाच वाजायच्या आत सूर्यास्त! साडेपाचला काळोख, मिट्ट. आणि आमचं ऑफिस साडेनऊ ते साडेसहा. पहिले तीन आठवडे मी समुद्रापासून चारशे पावलांवर राहून समुद्र फक्त शनिवार-रविवार पाहिला. बाकीचे दिवस लॅपटॉप बंद करून पळत जायचं तर तिथे नुसता आवाज, पाणी दिसतच नाही, आणि पायाखाली खेकडे. एक दिवस तशीच उभी राहिले आणि मनात म्हटलं, बाई, हे तर तू बाणेरला यूट्यूबवर लाटांचा आवाज लावून पण करू शकली असतीस.

मग मॅनेजरशी भांडून, म्हणजे नीटच बोलून, वेळ बदलून घेतली, सकाळी सहा ते अडीच. सहाला तिथे लख्ख ऊन असतं. दहाच्या मीटिंगला मी अर्धा दिवस संपवून हजर आणि बाकीचे कॉफी घेऊन डोळे चोळतायत. अडीचला जेवून तीनला पाण्यात, पाचला परत. तिथले लोक असेच जगतात, साडेचारला उठतात, रात्री साडेआठला गावात शुकशुकाट. कुणी जाणार असेल तर एवढंच सांगेन, आधी ऑफिसकडून वेळ बदलून घ्या, मग तिकीट काढा. नाहीतर जाऊच नका, खरंच.

बाकी विचारा.

मंद्या_सदाशिव

जागा पकडून ठेवतो, सविस्तर नंतर. तूर्तास एकच प्रश्न. काळ्या पाण्याची शिक्षा लोकं स्वखर्चाने भोगायला लागली, हा कलियुगाचा कितवा टप्पा?

कोकम_सरबत

@मंद्या, हा विनोद माझ्या बाबांनी, काकांनी, सोसायटीच्या सेक्रेटरींनी आणि एअरपोर्टला सोडणाऱ्या रिक्षावाल्याने केलेला आहे, तुमचा नंबर पाचवा. आईची मात्र अट होती की पोर्ट ब्लेअरला उतरल्यावर आधी सेल्युलर जेलला जायचं, मग कुठे ते नाचायला जा. गेले. त्या कोठडीत उभं राहिल्यावर मला पुढचा अर्धा तास बोलता आलं नाही, पण त्यावर इथे लिहिणार नाही, कारण धाग्याचं काय होईल ते मला माहितीये.

रेखा_ताम्हनकर_नव्हे

मस्त लिहिलंयस गं. माझे प्रश्न अगदी बाळबोध आहेत. १. एकट्या बाईने राहणं कितपत सेफ? २. मी शाकाहारी आहे, उपाशी मरेन का? ३. राहायला कुठे, हॉटेल की घर? ४. खर्च?

कोकम_सरबत

बाळबोध कसले, हेच खरे प्रश्न.

सेफ म्हणाल तर मला पुण्यापेक्षा जास्त सेफ वाटलं. छोटं गाव आहे, आठवड्याभरात सगळ्यांना माहीत होतं की ही पाच नंबरची लॅपटॉपवाली दीदी. (तिथे गावांना नाव पण आहे आणि नंबर पण, गोविंदनगर तीन नंबर, विजयनगर पाच नंबर, राधानगर सात नंबर, आणि सगळे नंबरनेच बोलतात.) भीती माणसांची नाही, मगरींची. राधानगरला २०१० मध्ये एका परदेशी बाईचा मगरीच्या हल्ल्यात जीव गेला होता. पाट्या लावलेल्या असतात त्या वाचायच्या, संध्याकाळी एकटीने निर्मनुष्य खाडीच्या बाजूला पाण्यात उतरायचं नाही, विषय संपला.

जेवण. घरमालक बंगाली होते, तिथली बरीच वस्ती पूर्व बंगालातून आलेल्या निर्वासितांची, आजोबांच्या पिढीत जमिनी मिळालेल्या. आम्ही त्यांना दादा म्हणायचो आणि त्यांच्या बायकोला बौदी, म्हणजे वहिनी. बौदीच्या हातचं जेवण म्हणजे भात, डाळ, भाजी, मासे. मासे न खाणाऱ्या माणसाकडे त्या आजारी माणसाकडे बघावं तसं बघतात पण उपाशी ठेवत नाहीत. भाजीचं मात्र ऐका. कांदे, बटाटे, टोमॅटो, बरंचसं सगळं चेन्नई-कोलकात्याहून जहाजाने पोर्ट ब्लेअरला आणि तिथून दुसऱ्या बोटीने इकडे. दोन समुद्र ओलांडून आलेल्या टोमॅटोचा भाव काय असेल ते तुम्हीच ठरवा आणि तो कसा दिसत असेल तेही. स्थानिक मिळतं ते खा, केळी, पपई, नारळ, भोपळा, पालेभाज्या. मी ज्वारीचं पीठ पाच किलो आणि गोडा मसाला नेलेला. डिसेंबरात पिठाला किडे झाले. दमट हवा.

राहायला हॉटेल नको, महिन्याच्या बोलीवर होमस्टे बघा. मला खोली, पंखा, बाथरूम, वायफाय असं २२,००० महिना पडलं, पण ते मी तिथे जाऊन समोरासमोर बोलून, पाच महिन्यांचं म्हणून. ऑनलाईन रोजचा भाव बघाल तर डोळे फिरतील. आधी चार दिवस कुठेतरी उतरा आणि पायी फिरून घर शोधा.

पाणबुडी_केबल

नेटचा विषय असा दोन ओळींत उडवलेला बघून माझ्यासारख्या माणसाच्या जिवाला त्रास झाला म्हणून लिहितो. नेट चौथ्या नंबरची अडचण झाली ती २०२० नंतर. १० ऑगस्ट २०२० ला चेन्नई ते पोर्ट ब्लेअर समुद्राखालची ऑप्टिकल फायबर चालू झाली, सगळी मिळून २,३१२ किलोमीटर, खर्च साधारण १,२२४ कोटी. पोर्ट ब्लेअरशिवाय सात बेटं त्यात आहेत, हॅवलॉक, लिटल अंदमान, कार निकोबार, कामोर्टा, ग्रेट निकोबार, लाँग आयलंड आणि रंगत.

आता स्पीड किती याच्यापेक्षा महत्त्वाचा मुद्दा असा की पूर्वी सगळं सॅटेलाईटवर होतं. तो उपग्रह बसलाय जवळपास ३६,००० किलोमीटरवर. तुम्ही एंटर मारलंत की तुमचा सिग्नल वर जाणार, खाली येणार, उत्तर परत वर जाणार, परत खाली येणार. प्रकाशाच्या वेगाने गेला तरी जवळजवळ अर्धा सेकंद नुसता प्रवासात. त्यात रिमोट डेस्कटॉप, म्हणजे इथे बसून ऑफिसचा कॉम्प्युटर, चालवणं म्हणजे पत्राने बुद्धिबळ. फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर धावतो, म्हणजे चेन्नईपर्यंत जाऊन-येऊन वीस-पंचवीस मिलिसेकंद. व्हिडिओ कॉलवर दोघं एकदम बोलायला लागतात आणि मग दोघं एकदम गप्प बसतात ना, ते याच्यामुळे थांबलं.

पण केबल समुद्रातून किनाऱ्यापर्यंत येते, तुमच्या खोलीपर्यंत नाही. पुढचं सगळं खांबावरून, झाडावरून आणि दादांच्या मेव्हण्याने ओढलेल्या वायरवरून. बरोबर ना ताई?

कोकम_सरबत

@पाणबुडी, शंभर टक्के. मेव्हणा नव्हता, भाचा होता. वायर फणसाच्या झाडावरून आलेली आणि फणसावर माकडं नाहीत हे नशीब.

खरं तर नेट जायचं ते लाईट गेली की. वीज तिथे डिझेलवर, म्हणजे ते डिझेल पण बोटीने येणार. लाईट रोज थोडी तरी जायची, कधी दहा मिनिटं, कधी दोन तास. लॅपटॉप चालतो पण राऊटर बंद पडतो आणि लोक म्हणतात नेट खराब आहे. मी पुण्याहून राऊटरला लावायचा छोटा यूपीएस नेलेला, हजार-दीड हजाराला मिळतो, त्याने माझी नोकरी वाचवली. आणि दोन वेगवेगळ्या कंपन्यांची सिमं, एकाचा टॉवर आडवा झाला की दुसरं. पाच महिन्यांत दोन्ही एकदम गेली असं तीनदा झालं. तेव्हा घरी आईला फोन लागेना म्हणून तिने माझ्या मॅनेजरला फोन केला. मॅनेजरचा नंबर तिच्याकडे कसा हे मला आजतागायत कळलेलं नाही.

अबर्डीन_बाजार

माझी बदली होती पोर्ट ब्लेअरला, २००९ ते १२, बँकेत. तुमचं वाचून हसावं की रडावं कळेना. आमच्या वेळी महिनाअखेरीला रिपोर्ट पाठवायचा म्हणजे फाईल जोडायची, पाठवा म्हणून दाबायचं आणि सरळ उठून अबर्डीन बाजारात चहा प्यायला जायचं. परत आल्यावर गेलेला असला तर गेला, नाहीतर परत दाबा आणि परत चहा. त्या तीन वर्षांत माझं वजन त्या चहासोबतच्या समोशांनी वाढलं.

मुलगी तेव्हा चौथीत. तिला वाटायचं दुपारी तीनला ऊन कलतं हेच जगात सगळीकडे असतं. सुट्टीत सांगलीला आलो की संध्याकाळी सात वाजता अजून उजेड बघून म्हणायची, आजी तुमच्याकडे दिवस संपतच नाही का. तुम्ही उजेडाचं लिहिलंत ना, ते वाचून हे एकदम आठवलं.

बाली_हाय_बाली_हाय

वरती कुणीतरी बाली-बिली म्हणून गेलंय ते वाचलं हो. मी कंपनी सोडून स्वतंत्र काम करतो, त्यामुळे मला कुणाची परवानगी लागत नाही, गेलं वर्ष बालीतल्या उबुदला होतो. कागदपत्रांचं सांगतो, परदेशी कंपनीसाठी तिथे बसून काम करायचा वेगळा व्हिसा आहे, ई३३जी, एक वर्षाचा, पण वर्षाला ६०,००० डॉलर उत्पन्न दाखवावं लागतं. म्हणजे आपल्यातल्या बहुतेकांना तिथेच राम राम. टूरिस्ट व्हिसावर जाऊन गुपचूप काम करणारे खूप आहेत, आणि पकडून परत पाठवलेलेही आहेत, त्या भानगडीत पडू नका.

घड्याळ तिथे आपल्या अडीच तास पुढे. त्यामुळे भारतातलं काम दुपारी बाराला सुरू, सकाळ पूर्ण आपली. कोकमताईंचा प्रॉब्लेम उलटा करून सुटतो.

आता माझा किस्सा. एका क्लायंटचं रिलीज ठरलं शनिवारी, २९ मार्च २०२५. मी हो म्हणून बसलो. त्या दिवशी न्येपी. बालीचं नवीन वर्ष, आणि ते साजरं करतात ते चोवीस तास काहीही न करून. घराबाहेर पडायचं नाही, दिवा लावायचा नाही, आवाज नाही, विमानतळसुद्धा बंद, आणि मोबाईलचा डेटा पण बंद करतात. घरमालकीण आठवडाभर सांगत होती, मी हो हो करत होतो, मला वाटलं आपल्याकडच्या ड्राय डेसारखं असेल, मागच्या दाराने सगळं मिळतं. माझ्या खोलीतलं वायफाय सिमकार्डवर चालणारं निघालं. सकाळी सहाला फट्ट. गच्चीवर फोन धरून उभा राहिलो तर खालून त्यांचा राखणदार, पेचालांग म्हणतात, काळे कपडे, चौकड्यांची लुंगी, नुसतं वर बघून बोट ओठावर ठेवलं. मी खाली बसलो. क्लायंट दुसऱ्या दिवशी भेटला तो काय म्हणाला ते इथे लिहिण्यासारखं नाही.

मजा म्हणजे दुसऱ्या दिवशी इकडे गुढीपाडवा. त्यांचंही शक १९४७ आणि आपलंही शालिवाहन शके १९४७. आपण ढोल बडवून आणि ते तोंडाला कुलूप लावून, पण पंचांगाचं खोड एकच. रात्री लाईट नाही म्हटल्यावर आकाश जे दिसलं ना, तसं मी लहानपणी आजोळी वेल्ह्याला पाहिलं होतं, त्यानंतर नाहीच.

स्पष्टवक्ता_००७

सगळं छान छान चाललंय म्हणून जरा मिठाचा खडा टाकतो. शहरातला पगार घेऊन बेटावर जाऊन राहायचं आणि परत येऊन इथे धागे काढायचे. तुम्ही २२,००० देता म्हणून उद्या तिथल्या शिक्षकाला, नर्सला खोली त्या भावाने घ्यावी लागते त्याचं काय? पाणी? बेटावर गोडं पाणी किती असतं माहितीये का? हे लिहा ना.

मंद्या_सदाशिव

आले. मी पॉपकॉर्न आणतो.

कोकम_सरबत

@स्पष्टवक्ता, राग नाही, मुद्दा बरोबर आहे आणि मला तिथे रोज टोचायचा. पाण्याचं सांगते. पाऊस तिथे भरपूर, मे ते डिसेंबर जवळजवळ पडतच असतो, दोन्ही मान्सून मिळतात त्यांना, वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास. पण बेट लहान, उतार तीव्र, पाणी धावत समुद्रात. फेब्रुवारी संपता संपता दादांची विहीर खाली गेली. बौदी काही बोलल्या नाहीत, फक्त माझ्या बाथरूममधली मोठी बादली गेली आणि तिथे लहान बादली आली. मला समजलं. त्यानंतर मी केस धुणं आठवड्यातून एकदाच, आणि कपडे समुद्राच्या पाण्यातून काढून मग गोड्या पाण्यात एकदा.

भाड्याचं म्हणाल तर माझ्या खोलीत एरवी टूरिस्ट राहतात, शिक्षक नाही, हे मी स्वतःला सांगायचे. पण शेजारच्या दुकानातला पोरगा चार जणांत एक खोली करून राहायचा हेही बघितलंय. मला याचं उत्तर सापडलेलं नाही. जाऊ नका म्हणणारी मी कोण, मी तर जाऊन आलेय.

स्पष्टवक्ता_००७

बादलीचं प्रामाणिक लिहिलंत. माझा मिठाचा खडा मागे घेत नाही पण थोडा लहान करतो.

फ्लिक_आँ_फ्लाक

मूळ नागपूरची, सध्या मॉरिशसमध्ये आहे, मला वाटतं मराठी माणसाने या यादीत मॉरिशस न घेणं हा अन्याय आहे म्हणून लिहिते. इथे २०२० पासून प्रीमियम व्हिसा आहे, एक वर्ष राहा, पुढे वाढवता येतो, फी काही नाही, अट महिन्याला १,५०० डॉलर उत्पन्नाची आणि ते उत्पन्न मॉरिशसबाहेरून यायला हवं. इथल्या कंपनीत नोकरी करता येत नाही. माझी कंपनी जर्मन आहे, त्यांनी लेखी दिलं, झालं. भारतीय कंपन्या देतीलच असं नाही, हे कोकमने वर लिहिलंच आहे.

वेळ आपल्यापेक्षा दीड तास मागे. म्हणजे भारतातलं साडेसहाचं ऑफिस इथे पाचला सुटतं आणि उन्हाळ्यात सूर्य पावणेसातपर्यंत असतो. अंदमानच्या बरोब्बर उलटं गणित!

आणि इथली आपली माणसं. दीडशे-पावणेदोनशे वर्षांपूर्वी रत्नागिरी, सिंधुदुर्गाकडून उसाच्या मळ्यांवर मजूर म्हणून आणलेल्यांची ही पाचवी-सहावी पिढी. घरात बोलतात क्रिओल, पण शाळेत मराठी विषय असतो, आणि गणेश चतुर्थीला देशभर सरकारी सुट्टी. गेल्या गणपतीत मी एका गावात गेले तर गोलात फेर धरून, टाळ-ढोलकीवर नाच चाललेला, त्याला ते झाकरी म्हणतात. माझी मैत्रीण गुहागरची आहे, तिला व्हिडिओ पाठवला तर तिचा लगेच फोन, अगं ही तर आमची जाखडी! एका आजींनी मला विचारलं, तुझं गाव कोणतं. मी नागपूर म्हटलं. त्यांनी जरा विचार केला आणि म्हणाल्या, ते समुद्रावर आहे का? मी नाही म्हटल्यावर त्यांचा माझ्यातला इंटरेस्ट संपला.

तोटे पण लिहिते. नोव्हेंबर ते एप्रिल चक्रीवादळांचा मोसम. वर्ग एक ते चार असे इशारे असतात, तीन लागला की घरात बसा. जानेवारी २०२४ मध्ये बेलाल आलं तेव्हा पोर्ट लुईच्या रस्त्यांवरून गाड्या वाहत गेल्या. मी तेव्हा मीटिंगमध्ये होते आणि म्युनिचवाल्यांना मागचा शिट्टीसारखा आवाज कशाचा ते समजेना. वारा होता.

देवगडी_हापूस

काय एवढे लांब लांब जाताव? आमच्याकडे या की. समुद्र आहे, सूर्यास्त साडेसहाला, मासे आहेत, मालवणी बोलणारी माणसं आहेत, आणि लाईट जाते ती पण अगदी अंदमानासारखी. बोट रद्द व्हायचा प्रश्न नाही, एसटी रद्द होते.

कामाचं एक सांगतो, मी फोटोग्राफी करतो. खारी हवा मशीन खाते. लॅपटॉपची भोकं, चार्जिंगची, एचडीएमआयची, हिरवी पडतात. लेन्सला आतून बुरशी. रोज रात्री घट्ट झाकणाच्या डब्यात, सोबत ती सिलिका जेलची पुडकी, महिन्याला बदलायची. तांदळात ठेवा म्हणतात ते काय उपयोगाचं नाही, तांदळाची पिठी आत जाते.

कोकम_सरबत

हापूसदादा, हे मला ऑक्टोबरात कुठे होतात! माझी डिसेंबरची गोष्ट ऐका.

चौदा डिसेंबरला सकाळी माझ्या लॅपटॉपचा कीबोर्ड मेला. एकदम नाही, आधी ए गेला, मग एस, मग शिफ्ट. कंपनीने दुसरा लॅपटॉप कुरिअरने पाठवला, तीन दिवसांत पोर्ट ब्लेअरला पोचला पण. तिथून हॅवलॉक म्हणजे खासगी बोटीने दीड तास, सरकारीने अडीच. आणि नेमका बंगालच्या उपसागरात कमी दाबाचा पट्टा. बोटी रद्द. एक दिवस, दोन दिवस, तीन दिवस. कुरिअरवाले म्हणायचे, मॅडम समुद्र खराब आहे. आता समुद्राची तक्रार कुणाकडे करणार. बेटावरचे टूरिस्ट सगळे जेटीवर रडवेले, विमानं चुकलेली. दादा म्हणाले हे तर काहीच नाही, २०१६ च्या डिसेंबरात वादळ आलेलं तेव्हा हजारावर टूरिस्ट इथे आणि शेजारच्या नील बेटावर अडकले होते, शेवटी नौदलाची जहाजं आली न्यायला.

मी आठवडाभर फोनवर काम केलं. फोनवर टेस्ट रिपोर्ट लिहिणं म्हणजे काय ते करून बघा. बोटी बंद झाल्याच्या चौथ्या दिवशी दादांच्या पोर्ट ब्लेअरच्या चुलतभावाने कुरिअरवाल्यांकडे जाऊन ओळखपत्राचा फोटो, माझी चिठ्ठी वगैरे दाखवून तो खोका ताब्यात घेतला आणि पहिली सरकारी बोट सुटली तिच्यात बसला. मी जेटीवर उभी. बोटीतून आधी उतरले लोक, मग कोंबड्या, मग कांद्याची पोती, मग अंड्यांचे ट्रे. माझा लॅपटॉप अंड्यांच्या ट्रेंच्या थप्पीत सगळ्यात खाली. मी किंचाळलेच. तो शांतपणे म्हणाला, दीदी, अंडी फुटली नाहीत म्हणजे लॅपटॉप पण फुटला नाही.

नाही फुटला. अजून त्याच्यावरच हे टाईप करतेय.

म्हणून सांगते, परतीचं विमान ज्या दिवशी आहे त्याच्या किमान दोन दिवस आधी पोर्ट ब्लेअर गाठा. माणसं सकाळची बोट, दुपारचं विमान असं बुक करतात आणि मग जेटीवर बसतात.

डॉ_कुडाळकर

डासांबद्दल, आणि त्याहून जास्त वाळूमाश्यांबद्दल कुणी लिहिलं नाही. अंदमानच्या किनाऱ्यांवर त्या फार. चावल्याचं लगेच कळत नाही, दुसऱ्या दिवशी खाज सुटते आणि खाजवलं की चिघळतं, दमट हवेत जखम सुकत नाही. पायांना खोबरेल चोपडून जा, टॉवेल न अंथरता वाळूत लोळू नका, आणि नखं कापलेली ठेवा. हॅवलॉकला प्राथमिक आरोग्य केंद्र आहे, पण गंभीर काही असेल तर पोर्ट ब्लेअर, म्हणजे परत बोट. ज्यांना नियमित औषधं लागतात त्यांनी पूर्ण मुक्कामाची घेऊन जा. आणि जायच्या आधी दाताच्या डॉक्टरकडे जाऊन या, दाढ नेहमी बोट रद्द असताना दुखते.

नवा_सदस्य_३१

लक्षद्वीपला जमेल का असं? तिथे पण केबल टाकली ना?

पाणबुडी_केबल

केबल आहे, कोचीहून, जानेवारी २०२४ ला उद्घाटन झालं, अकरा बेटं जोडली. पण तिथे जायला परवाना लागतो, भारतीयांनाही, आणि तो मोजक्या दिवसांचा. तीन-चार महिने राहून ऑफिस करायचा विचार सोडा. अंदमानला नेहमीच्या ठिकाणी जायला आपल्याला परवाना नाही, आदिवासी राखीव भागात मात्र अजिबात जायचं नाही, तो गुन्हा आहे.

रेखा_ताम्हनकर_नव्हे

नवऱ्याला हा पूर्ण धागा वाचून दाखवला. तो म्हणाला वेळ सहा ते अडीच हे ऐकूनच मी थकलो. मी एकटीच जायचं ठरवतेय, जानेवारी-फेब्रुवारी. कोकम, एक शेवटचं, रोजच्या रोज काम कुठे बसून करायचीस? खोलीतच?

कोकम_सरबत

खोलीबाहेर पडवी होती, तिथे प्लास्टिकचं टेबल. समोर नारळी, पलीकडे पाच नंबरचा किनारा. ओहोटीला पाणी इतकं आत जातं की नुसते खडक उरतात, भरतीला परत पायरीजवळ, त्यामुळे पोहायची वेळ भरती बघून ठरवायची, आधी तक्ता बघ.

सोबतीला एक पाल होती. ई म्हणू नकोस, आपल्यासारखी नाही, पोपटी हिरवी, पाठीवर लाल ठिपके, आणि दिवसा फिरते. रोज सकाळी सातच्या सुमाराला मॉनिटरच्या वरच्या कडेवर येऊन बसायची. गोड आवडतं तिला. चहाचा कप ठेवला की हळूच खाली यायची आणि कपाच्या कडेला लागलेली साखर चाटायची, जीभ लांब काढून, मी कॉलवर असताना. एकदा कॅमेऱ्यासमोर आली तर बंगलोरच्या टीमने मीटिंग थांबवून स्क्रीनशॉट काढले.

तर पडवीवालीच खोली माग. आणि चहाला झाकण ने.

रेखा_ताम्हनकर_नव्हे

झाकण नेत नाही. साखर जास्त घालीन.